मुलं जशी वाचतात, तशी खोली लावा: नव्याने बालवाचनालय सुरू करणाऱ्यांसाठी

कमिटीने तळमजल्यावरची एक खोली दिली आहे, घरोघर फिरून दोन-तीनशे पुस्तकं जमली आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कपाट लोखंडी घ्यायचं की प्लायचं?" यावर चर्चा रंगली आहे. सोसायटीत बालवाचनालय काढणारे बहुतेक जण नेमके याच टप्प्यावर सल्ला विचारायला येतात. त्यांना मी सांगते, कपाटाचा विषय महिनाभर बंद. आधी मुलं येऊ द्या. ती कुठे बसतात आणि कशी वाचतात, हे कळल्याशिवाय सुताराला बोलावण्यात अर्थ नाही.

हा लेख ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, साधारण १० बाय १२ फुटांच्या खोलीत, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी चालणाऱ्या वाचनालयाबद्दल आहे. घरी एकाच मुलासाठी कोपरा लावायचा असेल, तर नोंदवह्यांचा भाग सोडून द्या. बाकीचं जवळपास सगळं लागू पडेल.

पहिली पायरी: रिकामी खोली आणि एक वही

सतरंज्या अंथरा. पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यांत किंवा भाजीवाल्याकडच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये उभी ठेवा. तुम्ही एका कडेला वही घेऊन बसा. वहीत मुलांची नावं लिहून पुढे शेरे मारायचे नाहीत. खोलीचा कच्चा नकाशा काढायचा आणि कोण कुठे बसलं, कसं बसलं, किती वेळ टिकलं आणि कशामुळे उठलं, एवढंच टिपायचं.

चार-पाच संध्याकाळी बसलात की चित्र दिसायला लागतं. लहानगी पालथी पडून, कोपरं टेकवून वाचतात. त्याहून मोठी बरीचशी भिंत शोधतात, पाठीला काहीतरी लागतंच. दोघी मैत्रिणी एकाच पुस्तकावर डोकी लावतात. एक वाचते, दुसरी तिच्या आधीच चित्रात काय काय आहे ते दाखवत सुटते. एखादा पुस्तक हातात घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालतो. एखादा काहीच उघडत नाही, नुसती क्रेटमधली पुस्तकं वर-खाली करतो, मुखपृष्ठं बघतो, परत ठेवतो. त्याला "अरे, वाच की" म्हणू नका. तो निवडतो आहे. वाचनालयातलं अर्धं काम तेच आहे.

आणि एक पुटपुटणारं मूल असतंच. त्याच्याकडे जरा जवळून बघा. बोट ओळीखालून सरकत असतं आणि एखाद्या जोडाक्षराशी अडतं. ओठ दोन-तीनदा हलतात, 'प्र... प्रश्... प्रश्न', आणि शब्द सुटतो. त्यानंतर बोट पुढे जात नाही, ओळीच्या सुरुवातीला परत येतं. सुट्टा शब्द सुटला, आता त्याला ती ओळ अर्थासकट, सलग ऐकायची असते, स्वतःच्याच आवाजात. नेमकं तेव्हा शेजारून कोणी "शूऽऽ" केलं, की पुस्तक मिटतं आणि पुढच्या खेपेला हे मूल चित्रांचंच पुस्तक उचलतं. वाचनालय म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, ही कल्पना मोठ्यांच्या अभ्यासिकेतून आली आहे. ती मुलांच्या खोलीला जशीच्या तशी लावू नका.

'शिकण्याची शैली' याबद्दल, खोली विभागण्याआधी

या टप्प्यावर कोणीतरी पालक इंटरनेटवरची प्रश्नावली घेऊन येतात आणि म्हणतात, "आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला चित्रांच्या कोपऱ्यात बसवा." बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे अशी चौकट आपल्याकडे शाळांच्या पालकसभांपर्यंत पोचली आहे. ती १९९२ मध्ये नील फ्लेमिंग आणि कॉलिन मिल्स यांनी मांडलेल्या 'वार्क' या मांडणीतून आली. पुढे २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलाच्या तथाकथित शैलीशी जुळवून शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

मुलांच्या आवडीनिवडी खऱ्या असतात, त्या तुमच्या वहीत उतरल्याच आहेत. पण आवड म्हणजे शिक्का नव्हे. शिवाय कसं शिकायचं हे मुलापेक्षा विषयावर जास्त ठरतं. महाराष्ट्रातल्या नद्या कुठून कुठे वाहतात हे नकाशा बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही, मूल कुठल्याही 'शैलीचं' असो. बडबडगीत कानावर पडावं लागतं. कप्पी कशी चालते हे दोरी ओढल्यावर कळतं. म्हणून खोलीत वेगवेगळ्या कामांच्या जागा करायच्या, पण कुठलीही जागा कुठल्याही मुलाच्या नावावर करायची नाही. "तू हाताने करणाऱ्यांतला, तिकडे जा" हे वाक्य या खोलीत कोणी म्हणू नये. पालकांनी तर नाहीच.

दुसरी पायरी: तीन जागा

मला तीन पुरतात: गप्प जागा, बोलकी जागा आणि हातांची जागा. पाट्या लावू नका, मुलांना आपोआप कळतं.

बोलकी जागा दारापाशी. येणं-जाणं, पुस्तक बदलणं आणि "हे वाचलंस का?" हे सगळं तिथेच होणार असतं. गप्प जागा दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. तिथे एखादी लहान, तीन बाजूंनी बंद वाटणारी फट राहिली तर फार उत्तम. मुलं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या बोळात घुसून तासभर वाचतात. मात्र ही फट तुम्हाला तुमच्या जागेवरून दिसली पाहिजे. हातांची जागा खिडकीजवळ, जिथे फरशी उघडी आहे आणि सांडलेली खळ पुसता येते.

या जागांमध्ये पडदे किंवा पार्टिशन नको. बुटकी मांडणी आडवी लावली की तीच भिंतीचं काम करते. उंची १०० ते ११० सेंटीमीटर ठेवा. बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि तुम्ही उभे राहिलात की सगळी खोली नजरेच्या टप्प्यात राहते. एक गोष्ट विसरू नका: मांडणी कितीही बुटकी असो, तिला एल-क्लॅम्प लावून भिंतीत किंवा जमिनीत पक्की करा. मुलं मांडणीवर चढतातच.

तिसरी पायरी: बसायचं कशावर

इथे पैसे वाया जातात. रंगीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि ससा-हत्तीच्या आकाराची टेबलं फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात वर्षभराने त्यांवर सोसायटीच्या गणपतीचं सामान ठेवलेलं असतं.

घरातला चौरंग घ्या. मांडी घालून बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलासमोर २५ ते ३० सेंटीमीटर उंचीचा चौरंग लिहा-वाचायला अगदी बरोबर बसतो. दोन चौरंग जोडले की चार मुलांचं मेज झालं, वेगळे केले की दोघांना दोन कोपरे. मालक्या वाटून न घेता हलवता येईल असं सामान हवं. त्या हिशेबात पाट, चौरंग, लोड, गोधड्यांच्या घड्या हे सगळं बाजारातल्या 'किड्स फर्निचर'ला भारी पडतं.

खुर्ची-टेबलं घ्यायचीच असतील तर वयावर जाऊ नका, उंचीवर जा. मुलांच्या फर्निचरच्या युरोपीय मानकातली मापं आपल्याकडेही चालतात. साधारण ११० ते १२० सेंटीमीटर उंचीच्या मुलाला खुर्चीची बैठक ३१ आणि टेबल ५३ सेंटीमीटर. १२० ते १४० च्या मुलाला ३५ आणि ५९. त्याहून उंच, दीडशेच्या आसपास असेल तर ३८ आणि ६४. सोपी खूण अशी: बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर मूल पाच मिनिटांत चुळबुळ करू लागतं आणि आपण म्हणतो, याचं लक्षच लागत नाही.

उभ्याने वाचणाऱ्यांसाठी वेगळं काही करायला नको. बुटक्या मांडणीचा वरचा फळा मोकळा सोडा. येरझाऱ्या घालणारा मुलगा तिथे पुस्तक उघडून, एका पायावर भार देत उभा राहील. त्याला बसवायचा प्रयत्न करू नका.

उजेडाचं एकच सांगते. लिहिण्याच्या जागी उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्या मुलासाठी उजवीकडून. म्हणजे हाताची सावली ओळीवर पडत नाही. खोलीच्या मधोमध एकच ट्यूब असेल, तर भिंतीकडे पाठ करून बसणारी मुलं उजेडात येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसणारी स्वतःच्याच सावलीत वाचतात. चौरंग त्याप्रमाणे फिरवा.

चौथी पायरी: पुस्तकं कशी लावायची

या भागाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण बहुतेक वाचनालयं इथेच मुलांच्या हातून निसटतात.

मुलांची मराठी पुस्तकं पातळ असतात. सोळा किंवा चोवीस पानं, मधे दोन पिना. कपाटात उभी लावली की कणा दिसतच नाही, नाव वाचता येत नाही, एक काढलं की शेजारची दहा लोळण घेतात. म्हणून लहानांची पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून लावा. भिंतीला पावसाळी पाण्याची पीव्हीसीची पन्हळ आडवी ठोकली तर तिच्यात पुस्तकं सुरेख उभी राहतात. दोन खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगता येतात. बाकीची क्रेटमध्ये, फाईल चाळावी तशी पुढे-मागे करता येतील अशी. जाडजूड पुस्तकं तेवढी मांडणीवर, कणा बाहेर.

दर्शनी जागेत एका वेळी वीस-पंचवीसच पुस्तकं ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. दोनशे मुखपृष्ठं एकदम समोर आली की मूल गोंधळून पहिलंच उचलतं.

आता वर्गीकरण. ग्रंथालयशास्त्र शिकलेलं कोणी कमिटीत असेल तर विषयागणिक पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीचं नाव निघेलच. मेल्व्हिल ड्यूईने ती १८७६ मध्ये काढली आणि मोठ्या ग्रंथालयांत ती आजही उत्तम चालते. आपल्या खोलीत मात्र एक गंमत होते. ड्यूईत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. तुमच्या गोष्टींची जवळजवळ सगळी पुस्तकं या एकाच आकड्यात जाऊन बसतात आणि वर्गीकरण करून न केल्यासारखं होतं. माहितीच्या पुस्तकांना ते क्रमांक द्यायचे तर द्या: ५९० प्राणी, ३९८ लोककथा, ७९६ खेळ. मुलांना आकडे आवडतातही. गोष्टींसाठी मात्र मुलं ज्या शब्दांत मागतात तेच विभाग करा: हसवणाऱ्या गोष्टी, भुताच्या आणि रहस्याच्या, प्राण्यांच्या, राजा-राणीच्या, कविता आणि गाणी, खरीखुरी माणसं, प्रयोग आणि कोडी, मासिकं.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा आहे: वाचकाचा वेळ वाचवा. दारातून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला भुताची गोष्ट कोणालाही न विचारता अर्ध्या मिनिटात सापडते का, हा त्या नियमाचा आपल्यापुरता अर्थ. सापडत नसेल तर क्रेटवर शब्दासोबत चित्र चिकटवा.

वाचनाच्या पातळ्या आणि एक नाजूक गोष्ट

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत मिळतात आणि ती छापूनही घेता येतात. तिथे गोष्टींच्या चार पातळ्या केल्या आहेत: पहिलीत साधारण २५० पर्यंत शब्द, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून जास्त. तुमच्याकडच्या पुस्तकांना याच अंदाजाने रंगीत टिकल्या लावता येतील.

पण शहरातल्या सोसायट्यांमध्ये मोठा गट इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा असतो. घरी फाडफाड मराठी बोलणारी, विनोद कळणारी, पण देवनागरी अडखळत वाचणारी. पाचवीतल्या अशा मुलीला दुसऱ्या पातळीचं पुस्तक लागतं. टिकलीवर '२' लिहिलं किंवा क्रेटवर 'इयत्ता दुसरी' लिहिलं, तर ती त्या क्रेटला धाकट्या भावासमोर हात लावणार नाही. म्हणून टिकल्यांवर आकडा नको, वय नको, इयत्ता नको. रंगांनाही चढता क्रम असू नये. पिवळा, जांभळा, हिरवा, नारिंगी, बस. कुठला रंग सोपा हे तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे पुरे. आणि सगळ्या रंगांची पुस्तकं एकाच विषयाच्या क्रेटमध्ये मिसळून ठेवा, म्हणजे भुताच्या गोष्टींच्या क्रेटपाशी थोरली आणि धाकटा दोघंही उभे दिसतील.

याच मुलांसाठी द्विभाषिक पुस्तकं ठेवा. नॅशनल बुक ट्रस्ट, तुलिका, एकलव्य या प्रकाशनांच्या याद्या चाळा. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं तर संग्रहात हवीतच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर वाचायला मोफत ठेवले आहेत. आजी-आजोबांना ते दाखवा, ते स्वतःहून येऊन बसतात.

ओळ चुकणाऱ्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्याच्या, वीतभर लांब पट्ट्या कापून एका डब्यात ठेवा. ओळीखाली पट्टी धरली की नजर खाली घसरत नाही. ही पट्टी सर्वांसाठी उघडी असू द्या, कोणा एकाला बोलावून देऊ नका. एखादं मूल बरेच महिने फार अडखळत असेल तर आई-वडिलांशी एकट्याने बोला. निदान करणं आपलं काम नाही.

पाचवी पायरी: ऐकायची जागा

बोलक्या जागेतच आठवड्यातून एकदा प्रकट वाचन करा. वाचणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून कधीही बसू नये. मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो, वाचणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो आणि पुस्तकातली चित्रं तर दिसतच नाहीत. पाठीमागे साधी भिंत, मुलं अर्धवर्तुळात, वाचणारा पाटावर म्हणजे त्यांच्यापेक्षा वीतभरच उंच. पुस्तक खालून मधोमध धरायचं, पान मुलांकडे. त्यासाठी गोष्ट आधी घरी दोनदा वाचून ठेवावी लागते. पंधराच्या वर मुलं असतील तर मागच्यांना चित्र दिसत नाही. दोन गट करा.

ज्यांना एकट्याने ऐकायचं असतं त्यांच्यासाठी एक जुना मोबाईल, सिमकार्ड काढलेला आणि नेट बंद केलेला. त्यात सोसायटीतल्या आजी-आजोबांनी वाचलेल्या गोष्टी भरा. रेकॉर्ड करताना ज्या पुस्तकातून वाचलं तेच पुस्तक मोबाईलशेजारी ठेवा आणि पान उलटायची जागा टिचकी वाजवून दाखवायला सांगा. मूल ऐकता ऐकता बोटाने ओळ धरतं. अडखळत वाचणाऱ्या मुलांना याचा फार आधार होतो, कारण शब्द कानावर आधी पडतो आणि डोळा त्याला नंतर ओळखतो. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी आजी असेल तर तिला तिच्या बोलीतच गोष्ट सांगू द्या, पुस्तक नसलं तरी चालेल.

सहावी पायरी: हातांची जागा

एक चौरंग, एक पारदर्शक झाकणाचा डबा आणि एक फळी, एवढंच. डब्यात काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं, दोरा, बोथट कात्र्या. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून केलेल्या शेकडो खेळण्यांच्या कृती त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही मोफत आहेत. त्यातल्या दोन-तीन छापून फळीवर लावा.

इथला मुख्य नियम असा की या जागेवर कायम एक पुस्तक उघडं असलं पाहिजे. भिंगरी करत असतील तर वाऱ्याबद्दलचं, कागदी बेडूक करत असतील तर बेडकाचं. नाहीतर ही जागा हळूहळू हस्तकलेचा वर्ग होते आणि पुस्तकं शेजारी नुसती बघत बसतात. रंगाचं पाणी मात्र या खोलीत नको म्हणजे नकोच. त्यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

सातवी पायरी: तुमचं स्वतःचं टेबल

दारापाशी, भिंतीला पाठ, सगळी खोली समोर. टेबलावर दोन वह्या. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक: तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून आलं. हाच दाखल अंक पुस्तकाच्या आतल्या पानावर आणि मागच्या बाजूला. दुसरी देवघेवीची वही, प्रत्येक मुलाला एक पान. आकड्यांपेक्षा वेगळं काही ठेवायचं असेल तर देवघेवीच्या वहीत एक रकाना वाढवा: 'कसं होतं?' मूल परत देताना जे बोलेल ते दोन शब्दांत, त्याच्याच भाषेत. 'बोअर', 'शेवट वाईट', 'परत पाहिजे'. पुढची खरेदी या रकान्यावरून करा.

संगणकावर यादी करायची तर स्प्रेडशीट पुरते. पण पहिले सहा महिने हाताने लिहा, पुस्तकं तोंडपाठ होतात.

हे काम शिकायची प्रत्येकाची आवडती रीत निराळी असते, आणि टेबल त्याप्रमाणे लावायला हरकत नाही. कोणाला सगळे नियम भिंतीवर लिहून हवे असतात, तर लिहा. कोणी दुसऱ्याचं बघून शिकतं. त्यांनी जवळच्या शासनमान्य ग्रंथालयाच्या बालविभागात दोन संध्याकाळी जाऊन नुसतं बसावं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि तिथले जुने सेवक हातचं राखून काही सांगत नाहीत. सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल तर पाचगणीजवळच्या भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि राहत्या घरांच्या पडव्यांमध्ये, ओसऱ्यांवर वाचायच्या जागा कशा केल्या आहेत ते बघण्यासारखं आहे.

खोली स्वतःची नसेल तर

परदेशातल्या मराठी शाळांची हीच अडचण. रविवारी दोन तासांसाठी भाड्याचा हॉल, नंतर सगळं गाडीच्या डिकीत. तिथे वरच्या तीन जागा तीन सतरंज्यांवर करा, तीन वेगळ्या रंगांच्या. चाकांच्या दोन पेट्या: एकीत दर्शनी वीस पुस्तकं आणि दोरी-चिमटे, दुसरीत विषयवार पिशव्या. सतरंजीचा रंग बदलू नका. खोली दर आठवड्याला वेगळी असली तरी मूल आपली सतरंजी ओळखतं आणि बसतं. या शाळांतल्या मुलांना टिकल्यांवर आकडा नको ही गोष्ट आणखीच लागू, कारण तिथे दहा वर्षांचा मुलगाही नुकतीच बाराखडी शिकत असू शकतो.

पावसाळा, कसर आणि वाळवी

मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे आणि जमिनीपासून चार बोटं वर. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पुस्तकं दाटीवाटीने लावू नका, मधून हवा खेळली पाहिजे. बांधणीतल्या खळीवर कसर येते. त्यासाठी डांबरगोळ्या मात्र मुलांच्या खोलीत ठेवू नका. लहान मूल ती खाऊची गोळी समजून तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं नॅफ्थलिन रक्तपेशींना घातक ठरू शकतं, काही मुलांना तर फारच. वेखंडाच्या कुटाची पुरचुंडी किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला फळ्यांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा सगळी पुस्तकं काढून झटका. भिंतीवर मातीची रेघ दिसली तर ती वाळवी; त्याच दिवशी कमिटीला सांगून माणूस बोलवा, आणि फवारणीनंतर तो सांगेल तितके दिवस मुलांना खोली बंद.

फेरमांडणी

दर तीन-चार महिन्यांनी, शक्यतो शाळेच्या परीक्षा संपल्यावर, पहिल्या पायरीची वही पुन्हा उघडा आणि एक संध्याकाळ नुसतं बघा. गप्प जागेत गप्पा चालू झाल्या असतील तर ती जागा बदलायची वेळ आली; मुलांना ओरडण्याआधी चौरंग हलवून बघा. ज्या कोपऱ्यात कोणीच बसत नाही तिथे बहुतेक वेळा उजेड कमी असतो, पंख्याने पानं उडत असतात किंवा शेजारच्या टॉयलेटचा वास येत असतो.

सहा महिन्यांत कोणीही न नेलेली पुस्तकं वेगळी काढा आणि मुखपृष्ठ समोर करून दुसऱ्या जागी लावा, शक्यतो वाट अडवेल अशा ठिकाणी. त्यातली निम्मी-शिम्मी उचलली जातात. उरलेल्यांतलं एकेक प्रकट वाचनाला घ्या, अर्ध्यावर थांबा आणि पुस्तक तिथेच पाटावर सोडून द्या. तरीही पडून राहिली तर दाखल नोंदवहीत लाल शाईने तारीख घालून दुसऱ्या वाचनालयाशी अदलाबदल करा.